हौसाबाईसाहेबांचे प्रस्थान समुद्रास गेले त्याची हकीकत

श्रीगजानन आणि खारे पाणी उभयतां प्रसन्न असोत. शके सोळाशें आणि वरती काही (पुढील आकड्यावर लिहिणाराकडून ताक सांडले, सबब वाचवत नाही), चैत्र शुद्ध दशमीचे दिवशी महाराजांचे मनात आले की आत्यासाहेब हौसाबाई यांसी समुद्र दाखवावा. आत्यासाहेबांचे वय बहात्तर, महाराजांस त्यांनीच मांडीवर वाढविले, आणि जन्मात समुद्र पाहिला नाही हीच एक हळहळ होती. त्यात राजवैद्यांनी डोळे पाहून सांगितले की, मोतीबिंदू उतरत आहे, आषाढापुढे दिसणार नाही. मग महाराज घाबरे होऊन बोलिले, "आत्या, याच महिन्यात निघू. दर्याकाठी ते मोठे शहर आहे, तेथे वाळूवर घोडागाड्या धावतात, भेळ मिळते, माणसे विनाकारण हसतात म्हणे." आत्यासाहेबांनी लगोलग लुगड्याची घडी घातली.

मग मसलत बसली. दिवाण विसाजीपंत म्हणजे कोणतीही सोपी गोष्ट हाती येताच कष्टी होणारे गृहस्थ. त्यांनी प्रथम समुद्रास खलिता धाडिला की, स्वारी येत आहे, हजर असावे. उत्तर आले नाही, ते हजेरी कबूल असे धरिले. मग उताऱ्याची जागा पाहविली, तो समुद्राकडे खिडकी एकच, आणि मानकरी अकरा, आणि प्रत्येकाचा मान खिडकीचा. तेव्हा दोन दिवस भांडण होऊन ठरले की अकरा खिडक्या येथूनच करवून सोबत न्याव्या, म्हणजे ज्याने त्याने आपली खिडकी वाळूत उभी करावी आणि तीतून पाहावे. सुतार बसविले. तो जोशी धुंडिराजबुवांनी काढिलेला मुहूर्त येऊन ठेपला, आणि खिडकी एकच तयार, तीही वाकडी.

ऐशियास या राज्याचा रिवाज ऐसा की, मुहूर्तास निघणे न झाले तर प्रस्थान ठेवावे. म्हणजे जाणाराचे लुगडे वा धोतर, सुपारी, मूठभर तांदूळ ऐसी पुरचुंडी बांधोन वाटेवरील घरी ठेवावी, आणि पुरचुंडी निघाली म्हणजे माणूस निघाले. मानकऱ्यांचे काहीच बांधिले नव्हते. आत्यासाहेबांची तेवढी पुरचुंडी तयार, ती पश्चिम वेशीबाहेर साळियाचे घरी ठेविली. मग दुपारी आत्यासाहेब जेवावयास आल्या, तो पान मांडिले नाही. त्या बोलिल्या, "अहो, मी इथेच आहे की!" दिवाण हात जोडून म्हणाले, "आत्यासाहेब, आपण प्रवासात आहां. पान मांडिले तर प्रस्थान मोडते." आणि बिछानाही उचलिला. मग आत्यासाहेब पागेत बसोन चुरमुरे खात राहिल्या, आणि येणारेजाणारे त्यांस नमस्कार करावा की न करावा या विवंचनेत भिंतीकडे पाहात जाऊ लागले.

पुढे बुवा म्हणाले, प्रस्थान तिसरे दिवशी शिळे होते, एक मजल पुढे हालवावे. खिडक्या होईनात, म्हणोन हालविले. पुन्हा हालविले. ऐसे करता करता पुरचुंडी घाट उतरली आणि थेट शहरी पोचली. तेथील कारकुनाचे पत्र दरबारात वाचिले: "पुरचुंडी सुखरूप. समुद्राकडील खिडकीत ठेविली आहे. काल घोडागाडीतून फिरविली, भेळ दाखविली." सर्वांनी वाहवा केली. तो आत्यासाहेब पागेतून उठोन आल्या आणि भर दरबारात रडल्या. म्हणाल्या, "बाबा, माझे लुगडे समुद्र पाहते नि मी घोड्यांचे शेपूट पाहते. आषाढ आला की मला खिडकी काय आणि भिंत काय!" महाराजांनी मान खाली घातली. परंतु जीभ मसलतीस सरावलेली, बोलिले, "चारच खिडक्या राहिल्या, आत्या."

मग आत्यासाहेब वेशीस गेल्या. पहारेकरी भाला आडवा करू लागला, तो त्याचे ध्यानी आले की जी गावात नाही तीस अडवावे कैसे, आणि भाला उभा केला. आत्यासाहेब कलिंगडांचे गाडीत बसोन गेल्या. लिहिणाराने हे पाहिले आणि कोणास सांगितले नाही, त्याचा पस्तावा नाही.

आठ दिवसांनी पत्र आले: "बाबा, समुद्र पाहिला. फार आहे. तुमच्या अकराही खिडक्या लाविल्या तरी पुरावयाचा नाही. भेळ तिखट, तरी दोनदा घेतली." महाराजांनी आज्ञा लिहिली की तुम्हांवाचून करमत नाही, ताबडतोब यावे. उत्तर आले: "आज्ञा प्रमाण. मुहूर्तावर परतीचे प्रस्थान ठेविले आहे." आणि मजल दरमजल पुरचुंडीच आली. रिवाज तो रिवाज. चौघडा वाजला, पुरचुंडी पाटावर बसविली, पान मांडिले, विसाजीपंतांनी स्वहस्ते तूप वाढून प्रवास कैसा जाहला म्हणोन पुसिले. महाराजांनी गाठ सोडिली. आत ओले लुगडे, सुपारी, आणि तांदळांचे जागी मूठभर वाळू. महाराज लुगडे तोंडाशी धरोन लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसोन स्वतःचे धोतर मागविले, सुपारी घातली, गाठ मारिली आणि मुदपाकखान्यात सांगोन धाडिले की, उद्यापासून आमचे पान मांडू नये.

इतकी हकीकत पाहिली तैसी लिहिली. खिडक्या अकराही पुऱ्या जाहल्या असोन पागेचे भिंतीस टेकवून ठेविल्या आहेत. घोडे पाहतात.