शेपटीतल्या पोकळ नळ्या

अण्णा केरकर पाहुण्याला पाणी विचारत नसत, दाखवत. तुम्ही ओटीवर पाय ठेवला, की दंड धरून ते तुम्हाला सूक्ष्मदर्शकापाशी नेत आणि म्हणत, "आधी हेंका भेट, मगे माका." 'हेंका' म्हणजे खाडीच्या पाण्याच्या थेंबातले एकपेशी जीव. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, पण शेपटी मारत इकडून तिकडे धावणारे. त्या शेपटीवर अण्णांनी आयुष्य ओवाळून टाकलं होतं.

ते डॉक्टर होते, पण प्राणिशास्त्रातले. हे मालवणात कुणाला शेवटपर्यंत पटलं नाही. एकदा तापाने फणफणलेली एक म्हातारी दारात आली. "बाय, माझ्याकडे औषध नाय," असं सांगून अण्णांनी तिलाही भिंगाला डोळा लावायला सांगितलं. तिने बराच वेळ बघितलं. "इतक्या बारीक, नि धावता बघ कसा! हेका खावक कोण घालता?" एवढं विचारून ती गेली. असा मुद्द्याचा प्रश्न मुंबईतही कुणी विचारला नव्हता, असं अण्णा पुढे आठवडाभर सांगत होते.

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत त्यांची उमेदीची वर्षं गेली. सन पन्नासच्या सुमाराला तिथली कायमची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, आणि अण्णा पितळी सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन बोटीने घरी आले. लग्न केलेलं नव्हतं. आई होती, तीही दोन वर्षांत गेली. त्या जागेबद्दल ते कधी बोलत नसत. पण पोस्टमन रस्त्याने पुढे निघून गेला की त्यांचा चेहरा उतरे. मला फार वाईट वाटायचं.

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. अण्णांचा हात थरथरे, म्हणून आकृत्या मी काढायचो. शाळा सुटली की रोज संध्याकाळी त्यांच्याकडे. थेंब काचेवर सुकू द्यायचा. सुकताना शेपटीचं टोक सुंभासारखं उसवतं आणि आत बारीक धागे आहेत हे कळतं. ते धागे मी मोजून काढायचे. "दिसता तितक्याच काढ. तुझी अक्कल कागदाक लावू नको," हे मला रोज ऐकावं लागे. एकदा मी शेपटीला जरा झोकदार वळण दिलं, तर अख्खा कागद टराटरा फाडला. "ही शेपटी आसा मास्तर, लग्नात नटलेल्या व्हकलेची वेणी नाय!"

दहा वर्षांच्या कामाचा अण्णांनी एक निबंध केला. आकृत्या मी घरी नेऊन शाईने पक्क्या केल्या आणि टपाल निघण्याच्या घाईत त्या अण्णांनी न तपासताच गेल्या. निबंध छापून आला. पुढे दोन-तीन वर्षांनी त्याच जुन्या संस्थेच्या नव्या प्रमुखांचं पत्र आलं. परदेशात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे धागे पोकळ निघाले होते, चक्क नळ्या. त्या नळ्या तुमच्या आकृतीत आधीच आहेत, साध्या भिंगातून तुम्हाला दिसल्या कशा? आमच्याकडे या, तुमच्यासाठी जागा आहे.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. मग छापील आकृती काढून तिच्यावर भिंग धरलं.

"मास्तर, ह्या धाग्यांच्या टोकांक भोकां कित्याक?"

दंडगोल काढला की त्याचं तोंड दाखवायचं, ही आम्हा ड्रॉइंगवाल्यांची परीक्षेपासूनची सवय. शाई करताना प्रत्येक धाग्याच्या टोकाला मी एकेक इवलंसं वर्तुळ दिलं होतं. तसं मी कबूल केलं. अण्णांनी भिंग खाली ठेवलं. त्यांनी कागद फाडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग मी ते बोललो, ज्याची लाज मला अजून वाटते. "अण्णा, पण खरां निघाला मां? गप रवल्यार कोणाचा काय जाता?"

"खरां निघाला," अण्णा म्हणाले. "पण माका खंय दिसलेला?"

तिथल्या तिथे त्यांनी उत्तर लिहिलं आणि पोस्टात टाकायला माझ्या हातात दिलं. पाकीट उघडंच होतं. मी वाचलं. 'आकृतीतील पोकळी मी पाहिलेली नाही. ती चूक माझी आहे. तिच्या बळावर जागा स्वीकारणे मला योग्य वाटत नाही.' माझा त्यात कुठे उल्लेखच नव्हता.

"अण्णा, चूक माझी. माझा नाव कित्याक नाय घातलात?"

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा नाव घातलां तर तू लाजतलंस. उद्यापासून येवचंस नाय. मगे सांजेक माझ्याकडे येतलो कोण?"

पत्र मी पोस्टात टाकलं. दुसऱ्या दिवशी शेवटचा तास दुसऱ्या मास्तरांच्या गळ्यात घालून मी लवकरच निघालो. अण्णा रस्त्यावर येऊन उभे होते. केव्हापासून, ते मी विचारलं नाही.