धाकूमामांचं पांढरं पीठ

धाकूमामा कधी 'एक' म्हणत नाहीत. मुरबाडच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. त्यांच्या गावी, वैशाखऱ्याला, खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, म्हणून काचेची भांडी विसळतानाही त्यांचं चालायचं, "लाभ, दोन, तीन..." वहीतसुद्धा पहिल्या धुण्यापुढे 'लाभ' लिहायचे. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी ते वाचून मला विचारलं होतं, हे कुठलं रसायन?

माझं संशोधन झिर्कोनियम फॉस्फेटवर. हे पांढरं पीठ आतून पापुद्र्यापापुद्र्यांचं असतं. पापुद्र्यांमध्ये हायड्रोजनचे आयन असतात. ते काढून तिथे युरोपियमचे बसवायचे. नीट बसले, की अतिनील दिव्याखाली पीठ लाल उजळतं. एवढं शिकवायला मला दोन तास लागतात. मामा एका दमात उरकायचे, "आतल्या बिऱ्हाडाला उठवायचा नि पाव्हण्याला बसवायचा. पन दमानं. पाव्हना अंगानं मोठा हाय."

पाव्हण्याची बडदास्तही तशीच. चपला बाहेर. पिठाजवळ मोठ्यानं बोलायचं नाही. आणि धुवायला फक्त ऊर्ध्वपातित पाणी. आमच्या बोअरच्या पाण्यात लोखंड फार, ते पापुद्र्यांत शिरलं की उजेड मरतो. "नळाला हात लावायचा नाय," असं त्यांनी एकदा प्राचार्यांनाही दरडावलं. प्राचार्य बिचारे हात धुवायला आले होते.

एकदा तीन आठवडे जपलेला नमुना दिव्याखाली धरला, तर नुसता अंधार. तपासणीत लोखंड निघालं. मी शेवटच्या वर्षाच्या मुलांसमोर मामांवर तोंड सोडलं. "भात मोजणाऱ्याच्या हाती युरोपियम दिलं, माझंच चुकलं!" मुलं हसली. मामा एवढंच म्हणाले, "होय सर, चुकला." त्या दिवसापासून मी त्यांना पिठाला हात लावू दिला नाही. ते बाटल्या धूत राहिले.

सहा महिन्यांनी प्रबंध लिहायला वही उघडली. त्या नमुन्याच्या धुण्यापुढे १, २, ३ असं होतं, आणि अक्षर माझं होतं. मग आठवलं. त्या दिवशी मामा रजेवर, ऊर्ध्वपातित पाणी संपलेलं, माझी शहापूरची एसटी सुटायला आलेली, आणि मीच नळ सोडलेला. वही मिटली आणि गप्प बसलो. पुढचा नमुना लाल उजळला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मामा बाहेर बाटल्याच धूत होते. तेव्हाही मी गप्प. मामा निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं. त्या भाषणाची मला आजही लाज वाटते.

अखेर गेल्या महिन्यात वैशाखऱ्याला गेलो. मामी वारल्यात, मुलगा कल्याणला; मामा घरात एकटेच होते. ओटीवर बसून, मान खाली घालून सगळं सांगितलं.

"मला ठाव व्हता," मामा म्हणाले. "वही मी रोज बघायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरं व्हती ना समोर." मग चाचरत, "पन सर, तो लाल उजेड मला कुनी दाखवलाच नाय."

मी म्हटलं, शनिवारी प्रयोगशाळेत या.

"येतो. पन पोरं घरी गेल्यावर. उगा तुमाला अवघड."

तेव्हाची मुलं कधीच पांगली होती. मी यंदाच्या मुलांना मुद्दाम थांबवून घेतलं. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले. मुलं बघून दारातच अडखळले. मी हाताला धरून त्यांना पीठ ठेवलेल्या अतिनील दिव्याच्या पेटीच्या काचेसमोर बसवलं, दिवा लावला आणि मुलांकडे वळलो. "या मामांवर मी एक खोटा आळ घेतला होता. नमुन्यात लोखंड गेलं ते माझ्या हातून, आणि मी..."

मामांनी काचेवरचं तोंड न काढता हात मागे करून हलवला.

"सर, जरा गप ऱ्हावा. बघू द्या."