मंडईतला कोरडा पाहुणा

दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात उपाशी राहणं सोपं नाही. गावोगाव मंडई भरलेली असते, घराघरांत तेलाची कढई चढलेली असते आणि रस्त्याने नुसतं चालणाऱ्या माणसालाही कुणीतरी हाताला धरून अंगणात ओढतं. अशा दिवसांत गावंच्या गावं पालथी घालून रिकाम्या पोटी परत येणारा एकच माणूस मी पाहिला. ते आमचे गभने सर.

सरांना उपास नव्हता, पथ्य नव्हतं, पोटाचा काही आजारही नव्हता. त्यांचं संशोधन चालू होतं.

पुण्याकडच्या वाचकांसाठी आधीच सांगते, ही मंडई भाजीची नव्हे. दिवाळी सरली की आमच्याकडे प्रत्येक गाव आपापला एक दिवस धरतं. दुपारी दंडारीचं नाचगाणं, रात्री नाटक, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांगड्या, खेळणी, जिलेबी. पण खरी मंडई घरात असते. लेकी, जावई, व्याही, साडू, मित्र, सगळ्यांना निरोप जातो. आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. आणि जो जेवला, त्याने आपल्या गावच्या मंडईला त्या घरच्यांना बोलवायचं, हे न सांगता ठरलेलं असतं. लग्नंसुद्धा इथेच जुळतात. माझंही पवनीकडच्या एका मंडईत जुळलं, पण त्याबद्दल तूर्त तक्रार नाही.

आमचा पदव्युत्तर समाजशास्त्र विभाग भंडाऱ्यात आहे. मी तिथे शिकवायला लागले तेव्हा गभने सरांचा मंडईतल्या पाहुणचारावरचा अभ्यास सुरू होता आणि पुढेही तो सुरूच राहिला. कोणत्या घरी कोण येतं, कोण यायचं थांबलं, कोणाचा मान पहिला, कोण रुसलं, हे सगळं सर घरोघर बसून विचारत. त्यांचा नियम एकच होता. ज्याच्या घरी प्रश्न विचारायचे, त्याच्या घरी खायचं नाही.

“वडा पोटात गेला का प्रश्न नरम होते म्याडम,” ते मला म्हणाले. “हे माह्यं मत नोहोय. निरीक्षण व्हय.”

हे वाक्य त्यांच्या तोंडी सतत असायचं. उन्हाळा कडक आहे, हे निरीक्षण. प्राचार्यांचं भाषण लांबलं, हेही निरीक्षण. आपलं मत मात्र सर कोणाला कळू देत नसत. भुकेची सोय त्यांनी शर्टाच्या खिशात केलेली होती. तिथे फुटाण्यांची पुडी असे. घरात सुवाऱ्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या पुऱ्यांचा, घमघमाट सुटलेला असताना सर बाहेर लहानशा तळ्याच्या, बोडीच्या पाळीवर जाऊन फुटाणे खायचे, पाणी प्यायचे आणि पुढच्या घरी जायचे.

हा नियम त्यांनी विभागातही लागू केला. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने तासभर सादरीकरण केलं की सर एकच प्रश्न विचारत, “तिथं काई खाल्लं का?” पोरगं खरं बोललं तर मेलं. एकदा कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरून समिती आली होती. विभागप्रमुखांनी जिवाचं रान करून समोसे, रसगुल्ले मांडले. समितीच्या अध्यक्षांनी समोसा उचलला तेव्हा सर अदबीने पुढे झाले आणि म्हणाले, “सर, तुमी आता उत्तरदात्याचं खाऊन राहिले.” अध्यक्षांनी समोसा परत ठेवला. विभागप्रमुख त्यानंतर बरेच दिवस सरांशी बोलत नव्हते.

विभागाबाहेरच्या फळ्यावर ‘विभागवार्ता’ लावायचं कामही सरांकडेच होतं. दर सोमवारी त्यांच्या ठसठशीत अक्षरातला कागद टाचणीने लागायचा. चर्चासत्रं, निबंध, व्याख्यानं यांच्या बातम्या असायच्याच, पण सरांना कोणतीही घटना संशोधनाबाहेरची वाटत नसे. “विभागातील पंखा दुरुस्त झाला. संशोधनास गती येण्याची शक्यता.” “बाहेरगावचे व्याख्याते वेळेवर आले. कारण समजू शकले नाही.” मला मुलगी झाली तेव्हा बातमी होती, “विभागाच्या लोकसंख्येत भर. माता व नवीन सदस्य सुखरूप.” कोणाचं लग्न, कोणाची नोकरी, कोणाच्या वडिलांचं ऑपरेशन, सगळं त्या फळ्यावर यायचं. स्वतः सरांची बातमी मात्र कधी लागली नाही. तशी असणार तरी काय, असं आम्हाला वाटे. त्यांच्या पत्नी शांताबाई मी विभागात येण्याआधीच वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या गावचं, आंबागडचं घर बंद होतं आणि सर भंडाऱ्यात एक खोली घेऊन राहत होते.

मागच्या वर्षी आम्ही सिहोऱ्याच्या मंडईत गेलो होतो. आमची विद्यार्थिनी प्रीती तिथलीच. तिच्या आईने आम्हाला घरात नेलं, ओसरीवर सतरंजी टाकली आणि सरांपुढे लाखोळीच्या डाळीचे गरम वडे ठेवले. सरांनी ताट हळूच बाजूला सारलं आणि विचारलं, “यंदा कोण कोण पाहुणे आले?” मी दोन वड्यांवर हात मारला होता, कारण माझा विषय बचत गट आहे आणि बचत गटात खायला मनाई नाही. सर निघाले तेव्हा प्रीतीची आई दारात आडवी आली.

“कोरडेच चालले का सर? आमच्या घरचं अन्न चालत नाही का तुमाले?”

“चालते बाई,” सर म्हणाले. “चालते म्हणूनच खात नाही.”

आम्हाला हे पद्धतशास्त्रातलं काहीतरी खोल वाक्य वाटलं. प्रीतीने ते उतरूनही घेतलं. तिची आई मात्र तोंड पाडून आत गेली. तिला ते फार लागलं होतं.

सरांनी जिल्ह्यातल्या बहुतेक मंडया पाहिल्या, आंबागडची सोडून. कोणी विचारलं, “सर, स्वतःचं गाव काहून नाही?” की ते म्हणत, “आपल्या गावात संशोधक आंधळा असते.” यंदा त्यांचं निवृत्तीचं वर्ष. अभ्यास तसाच अपुरा राहणार, असं आम्ही धरून चाललो होतो. आणि दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी विभागवार्तेत बातमी लागली, “मंडईच्या दिवशी आंबागड येथे क्षेत्रभेट. स्थळ : गभने यांचे घर. दुपारी बारापर्यंत पोहोचावे. सर्वांनी अवश्य यावे ही विनंती.”

सरांच्या बातमीत विनंती हा शब्द मी पहिल्यांदाच वाचला. त्यानंतर सर रोज स्टाफरूममध्ये विचारायला लागले, “म्याडम, किती जण येऊन राहिले?” मला वाटलं, नमुना लहान पडेल म्हणून काळजी करत असतील. विद्यार्थ्यांनाही गाठून विचारत, “तिखट खातेस का? कोहळ्याची भाजी आवडते का?” पोरांना वाटलं, प्रश्नावलीची पूर्वचाचणी चालू आहे. त्यांनी इमानदारीने उत्तरं दिली.

मंडईच्या दिवशी आम्ही दोन गाड्या करून निघालो. सगळ्यांकडे छापील प्रश्नावल्या होत्या आणि सगळ्यांकडे डबे होते. तुमसर मागे पडल्यावर प्रीती म्हणाली, “म्याडम, गावात शिरायच्या आधी जेवून घेऊ. नाहीतर सर ओरडतील.” आंबागडच्या किल्ल्याच्या पायथ्याशी सावली बघून आम्ही पोटभर जेवलो, तोंडं पुसली आणि सरांचे गुणी विद्यार्थी म्हणून गावात शिरलो.

सरांचं घर ओळखू येत नव्हतं. अंगण सारवलेलं होतं, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं, पाय धुवायला पाण्याची बादली आणि तांब्या ठेवला होता. सर नवा पांढरा सदरा घालून फाटकात उभे होते. हातात फाईल नव्हती. आत पत्रावळी मांडून झालेल्या दिसत होत्या आणि वड्यांचा वास रस्त्यापर्यंत आला होता.

“या, या. पाय धुवा आणि बसा पंगतीले,” सर म्हणाले.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, सर आपली परीक्षा घेत आहेत. प्रीती हसत पुढे झाली. “नाही सर, आम्ही जेवूनच आलो. तुमचाच नियम आहे ना!” आणि तिने पिशवीतून प्रश्नावली काढली.

सरांनी आत मांडलेल्या पत्रावळींकडे पाहिलं. मग म्हणाले, “बरोबर केलं. नियम म्हणजे नियम.” त्यांनी बादलीतला तांब्या उचलला, परत ठेवला आणि पुन्हा उचलला. मी इतकी वर्षं त्यांना पाहत होते, पण हातांचं काय करावं ते न सुचलेले गभने सर मी त्या दिवशी पाहिले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी एक बाई बाहेर आल्या. शेजारच्या कौसल्याबाई, सरांच्या नात्यातल्या वहिनी. सकाळपासून त्याच कढईपुढे बसलेल्या होत्या.

“जेवून आले? अवो, काय बोलून राहिले तुमी! हा माणूस चार दिवसांपासून घर झाडून राहिला!”

“वहिनी, राहू द्या,” सर म्हणाले.

“कायले राहू देऊ?” त्या आमच्याकडे वळल्या. “हे लोकायच्या घरी काहून खात नाहीत, माहीत आहे का तुमाले? मंडईले ज्याच्या घरी खाल्लं, त्याले आपल्या मंडईले बोलवा लागते. शांता गेली तवापासून या घरात मंडईची चूल नाही पेटली. लोकायले बोलवाचं कुठं? म्हणून खाल्लंच नाही कोणाचं. आन् तुमी म्हणता नियम!”

सर तोरणाकडे बघत होते. मला सिहोऱ्याची ती दारातली गोष्ट आठवली. ज्या नियमावर आम्ही पोरांना गुण दिले, पीएच.डी.वाल्यांना घाम फोडला, तो एका एकट्या माणसाने आपली लाज झाकायला पांघरला होता.

प्रीतीने प्रश्नावली पिशवीत घातली. चप्पल काढली आणि पाय धुतले.

“सर, माझ्या डब्यात दोनच पोळ्या होत्या,” ती म्हणाली. “त्यातली एक म्याडमनं खाल्ली.”

हे साफ खोटं होतं. मी माझ्याच डब्यातल्या चार खाल्ल्या होत्या. पण मीही पाय धुतले आणि पत्रावळीपुढे जाऊन बसले. मग सगळेच बसले. त्या दिवशी आम्ही कसे जेवलो ते आमचं आम्हाला माहीत. एक मुलगा कमरेचा पट्टा सैल करून बसला, एकीने मध्येच उठून अंगणात फेऱ्या मारल्या आणि पुन्हा येऊन बसली. सर वाढत होते. “आणखी एक घे. तू तर तिखट खाते म्हणाली होती.” कोण तिखट खातं आणि कोणाला कोहळा आवडतो, सगळं त्यांच्या लक्षात होतं. प्रश्न त्यांनी एकही विचारला नाही. दंडार सुरू झाल्याचा ढोल ऐकू आला तरी कोणाला उठवत नव्हतं.

संध्याकाळी निघताना सर गावाच्या शिवेपर्यंत पोचवायला आले. तिथे प्रीती म्हणाली, “सर, आम्ही तुमच्या घरी खाल्लं. आता आमच्या मंडईले तुमाले यावं लागते. आन् यंदा कोरडं नाही जाता येणार.”

सर हो म्हणाले नाहीत. “पाहू,” म्हणाले, आणि चष्मा पुसत परत फिरले.

सिहोऱ्याच्या मंडईला ते आले. मीही होते. गाडीतून उतरल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून फुटाण्यांची पुडी काढून माझ्या हातात दिली. “हे ठेवा म्याडम. लेकीले द्या.”

प्रीतीच्या आईने त्याच ओसरीवर तीच सतरंजी टाकली होती. तिने ताट आणलं, सरांपुढे ठेवलं आणि हात न काढता तशीच बसून राहिली. मागच्या वर्षी सारलेलं ताट ती विसरली नव्हती. सरांनी सुवारीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. मग दुसरा घास घेतला. तिने ताटावरचा हात काढला.

जेवता जेवता सरांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते खाली मान घालून खात राहिले, पण पाणी थांबेना.

“भाजी तिखट झाली का सर?” तिने घाबरून विचारलं.

“हो बाई, थोडी झाली,” सर म्हणाले. “हे मत नोहोय, निरीक्षण व्हय. वाढा आणखी.”

तिने वाढली. मीही तीच भाजी खात होते. गूळ घातलेली कोहळ्याची भाजी होती ती.