मेश्राम कुटुंबाला शॉक बसत नाही

शांघाय म्हणजे धम्मपाल मेश्रामच्या डाव्या हातचा मळ! "आठ वर्षं या शिस्तखोर श्वाबी जर्मन शेजाऱ्यांच्या देखत जिना झाडलाय मी, पाळीच्या प्रत्येक शनिवारी, कोपऱ्यांसकट!" जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या घरात तो बायकोला सांगत होता. "त्यापुढे चीन काय!"

२०१४ चा जानेवारी होता. स्टुटगार्टजवळच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत धम्मपाल आठ वर्षं उपप्रमुख होता. तेवढ्या काळात त्याच्या डोक्यावर चार प्रमुख येऊन बसले आणि उठून गेले. आता शांघायच्या कारखान्याचं प्रमुखपद चालून आलं होतं. सहकुटुंब जायचं. अट एकच, मुलांसकट सगळ्यांनी कंपनीचं चीन-प्रशिक्षण पास व्हायचं.

शिकवणाऱ्या फ्राऊ क्निट्टल पंधरा वर्षं चीन शिकवत होत्या. एकदा तर दोन आठवडे तिथे जाऊनही आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर कल्चर शॉकची शून्य ते दहा अशी पट्टी काढली आणि आवाज भुताची गोष्ट सांगतात तसा खाली आणला.

"चीनमध्ये नको म्हटलं तरी ताटात वाढतात!"

"नको म्हटल्याशिवाय वाढायचं कसं?" धम्मपालची बायको क्षमा म्हणाली.

"आजी-आजोबा मुलांकडे राहायला येतात. चांगले चार-चार महिने!"

"एवढेच?" क्षमाला वाईट वाटलं.

"अनोळखी माणूस थेट पगार विचारतो!"

"मग बोलणार तरी कशावर?" धम्मपाल म्हणाला.

"आणि रांगेत धक्के मारतात!"

यावर धम्मपालचे डोळे पाणावले. त्याला नागपूरचं रेल्वे रिझर्व्हेशन काउंटर आठवलं.

फ्राऊ क्निट्टलनी पेन खाली ठेवलं. नवराबायको दोघांनाही शून्य. दहा वर्षांचा उज्ज्वल आणि सात वर्षांची कीर्ती मात्र इथंच वाढलेली, मराठी समजून उत्तर जर्मनमध्ये देणारी. त्यांना नऊ मिळाले. पण त्यांना शॉक बसला होता तो आईबाबांची उत्तरं ऐकून.

"हेर मेश्राम, रिपोर्टवर किमान सात लागतात. इथं न बसलेला शॉक आत साठतो आणि तिथे एकदम फुटतो. कंपनीच्या विम्यात ते बसत नाही."

"पण मला हे सगळं आवडतंय हो!"

"तोच तर आजार आहे! हा कोर्स जर्मन माणसासाठी आहे. आल्झो, थोडक्यात, तुम्ही आधी जर्मन व्हा. मग बसेल शॉक. तीन आठवडे देते."

झालं! मेश्रामांच्या घरात मुलं मास्तर झाली आणि आईबाप विद्यार्थी. संध्याकाळी सहाला जेवण, तेही थंड पाव आणि चीज. भर थंडीत खिडक्या सताड उघड्या. रविवारी मिक्सर बंद. फोडणीही बंद, कारण मोहरी तडतडते आणि रविवारी शांतता पाळायची असते. चौथ्या दिवशी कीर्तीने आईला चोरून पोळी लाटताना पकडलं आणि बाबांकडे लेखी तक्रार केली. बाबांनी पोचपावती दिली!

दुसऱ्या रविवारी धम्मपालचा नागपूरकडचा मित्र नागेश बायकोला, लतिकाला घेऊन दारात उभा. हातात कोथिंबीर भरलेल्या गरमागरम सांबारवडीचा डबा.

"टेर्मिन?" क्षमाने दाराची साखळी न काढता विचारलं.

"अहो वहिनी, मी नागेश!"

"ते दिसतंय. वेळ घेतलीय का?"

"अगं, वडी गार होईल ना!" लतिका कळवळली.

"गेनाऊ, अगदी बरोबर. आम्ही गारच जेवतो." आणि क्षमाने त्यांना एकोणीस दिवसांनंतरची सव्वाचार ते पावणेपाच ही वेळ दिली. आतून उज्ज्वलने टाळ्या वाजवल्या. हळू, रविवार होता म्हणून.

तीन आठवडे भरले आणि फ्राऊ क्निट्टल परीक्षेला आल्या. रविवारी, दुपारी दीडला, न कळवता! चिनी पाहुण्याची भूमिका घेऊन त्या थेट स्वयंपाकघरात घुसल्या. धम्मपाल "नको, नको" म्हणत असताना त्यांनी त्याच्या चीजवर तीन डाव नूडल्स ओतल्या आणि विचारलं, "पगार किती तुझा?"

धम्मपालच्या हातून पाव पडला. "हा खासगी प्रश्न आहे! आणि आज रविवार आहे!" त्याला खराखुरा घाम फुटला होता. क्षमा इमारतीच्या नियमावलीतलं कलम शोधत होती.

"दहापैकी दहा!" फ्राऊ क्निट्टलना हुंदका आवरेना. "पंधरा वर्षांत इतका शुद्ध शॉक पाहिला नाही मी!" त्यांनी रिपोर्टवर लिहिलं, 'कुटुंब अंतर्बाह्य जर्मन.'

रिपोर्ट शांघायला गेला. आठवड्यात उत्तर आलं. 'आधीचे तीन जर्मन साहेब सहा महिन्यांच्या आत पळून गेले. म्हणून यावेळी आम्ही हट्टाने मेश्राम मागितले होते. तेही जर्मनच निघाले. नेमणूक रद्द.'

धम्मपाल मटकन खाली बसला. "गेलं गं पद! अगं, आपण कुठले जर्मन? यांना कुणीतरी सांगा रे!"

"सांगू की," क्षमाने फाइल ओढली. "आक्षेपाची मुदत किती?"

"चौदा दिवस. लेखी."

आपण जर्मन नसल्याबद्दलचा मेश्राम कुटुंबाचा आक्षेप अनुक्रमणिका, सहा क्रमांकित पुरवण्या आणि तीन रंगांच्या विभाजकांसह मुदतीच्या अकरा दिवस आधी शांघायला पोचला.

शांघायने तो पुरावा म्हणून रिपोर्टलाच जोडला.