योहान मास्तरांचा आगमनकाळ

आमच्या कळमनुरीच्या गल्लीत नाताळच्या शुभेच्छा दिल्या की शिव्या पडायच्या. देणारा कुणीही असो, शेजारचे योहान मास्तर अंगावरच यायचे. "अजून लेकरू जलमलं न्हाई अन् तुमी बारशाला काहून आलात? पंचवीस तारखेच्या आधी तोंड उघडायचं न्हाई!"

मास्तर कॅथलिक. गल्लीत त्यांचं एकच घर. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे त्यांचा आगमनकाळ, वाट पाहायचे दिवस. तेव्हा चहात साखर बंद, अन् खिडकीला बायकोचं जांभळं लुगडं. उन्हानं ते पार विटलेलं. बदला म्हटलं की, "बराबर हाय. वाट पाहणाऱ्याचा रंग असाच ऱ्हातो."

एका साली पावसाळ्यात त्यांची बायको, मार्थाबाई, गेली. पोरगं पुण्याला, त्याला सुट्टी मिळंना. नोव्हेंबरअखेर मास्तर माझ्या शिलाईच्या दुकानात येऊन उभे राहिले. "नाताळाला फादर घरी मिस्सा, म्हंजी आमची मोठी प्रार्थना, करायला येऊन राहिले. प्रार्थनेला उत्तरं द्यायला माणसं लागतेत. रिकामं घर पाहून फादरला काय वाटंल?"

आता मी बौद्ध, अन् समोरच्या शेळ्यावाल्या कोंडिबाला खंडोबाशिवाय कुणी ठाऊक नाही. त्यात लग्नसराई, कापडांचा ढीग पडलेला. पण दुखवट्याच्या घराला नाही कसं म्हणावं?

मग काय, दर रविवारी सराव. मास्तर खुर्चीवर फादर व्हायचे. मी, माझी बायको सुमन अन् कोंडिबा खाली चटईवर. "उभे ऱ्हा! बसा! गुडघ्यावर!" आठवडाभर मशीन मारून माझे पाय आधीच कामातून गेलेले. कोंडिबा 'आमेन' असं ओरडायचा की बाहेर शेळ्या उठून उभ्या राहायच्या.

"मास्तर, शेळ्यांचं पाठ झालं. आता तरी सोडा," मी म्हणायचो.

"तुमचं कुठं झालंय? चला, पुन्हा पहिल्यापासून!"

वर तो बिनसाखरेचा चहा. वैतागलो होतो बाबा.

नाताळाला आम्ही धुतलेले कपडे घालून जाऊन बसलो. अकरा वाजले, फादरचा पत्ता नाही. मास्तर म्हणाले, "येतील, येतील." मी भिंतीवर लिहिलेला फादरचा नंबर घेतला अन् कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून फोन लावला.

फादरचा आवाज माझ्यापेक्षा दमलेला. "मास्तरांना मी महिन्यापूर्वीच कळवलं होतं. इतक्या गावांना मी एकटा. जानेवारीत येतो म्हणालो. बोलले नाहीत का ते?"

डोकंच फिरलं माझं. तीन रविवार! तणतणत परत आलो. मास्तर दारातच होते. माझं तोंड पाहून त्यांनी मान खाली घातली.

"खोटं बोललो," ते म्हणाले. "हे चार रविवार आमी दोघं प्रार्थना म्हणायचो. मी म्हणायचो, मार्था उत्तर द्यायची. औंदा पहिल्या रविवारी एकटाच बसलो. म्हणलं, अन् थांबलो. उत्तरच येईना."

राग कुठल्या कुठं गेला. आत सुमन अन् कोंडिबा ताटकळत होते. मी चपला काढल्या, त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"फादरचं जमत न्हाई," मी म्हणालो. "मास्तर, तुमी म्हणा. आमी देतो उत्तर."