ऑड्रेच्या नावावर फ्रँकचा दम

ऑड्रेने मास्क पाहिला आणि ती खुर्चीवरून उठूनच उभी राहिली. "हे तोंडाला लावून मी चढणार न्हाय!"

चढायचं म्हणजे वीतभर उंचीची एकच पायरी. तिच्यावर तीन मिनिटं चढ-उतार करायची आणि श्वासाचा हिशेब मशीनने ठेवायचा. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याचं कळल्यापासून ऑड्रे चार महिने गोळ्या घेत होती. त्या लागू पडतायत का, ते आज कळणार होतं.

"अंकल, तुम्ही जरा करून दाखवा ना," टेक्निशियन नीरज म्हणाला. "आंटींची भीती जाईल."

पालीच्या घरापासून भाईंदरच्या हॉस्पिटलपर्यंत बायकोला धीर देत आलेला फ्रँक नाही कसा म्हणणार? मास्क चढवून तो लग्नात नाचायला उतरावं तसा पायरीला भिडला. दुसऱ्या मिनिटाला भिंतीला हात टेकून थांबला. ऑड्रेला वाटलं, हसवायला नाटकं करतोय. तिची भीती मात्र गेली. तिने तीन मिनिटं न थांबता पूर्ण केली.

तासाभराने डॉक्टर रुचितांनी रिपोर्ट वाचून चष्मा काढला.

"गोळ्यांचा उपयोग दिसत नाहीये. आकडे मागच्या वेळेपेक्षा खराब आहेत. अ‍ॅडमिट व्हावं लागेल."

परवाच्या रविवारी ऑड्रे चर्चपर्यंतचा चढ आरामात चढली होती. मग ते काय होतं? फ्रँकने फॉर्मवर सही केली आणि मुलीला, शर्लिनला, फोन लावला. शर्लिन ऑफिसातून रडतच निघाली.

"दुसऱ्याच मिनिटाला थांबलात, तेव्हा छातीत दुखलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी कुठं थांबले?"

"इथे आहे ना. पन्नास सेकंद थांबलात."

"थांबला तो!" ऑड्रेने नवऱ्याकडे बोट केलं.

नीरजला बोलावलं. त्याने मशीनमध्ये ऑड्रेचं नाव आधीच घातलं होतं, त्यामुळे फ्रँकचं प्रात्यक्षिक तिच्या नावावर गेलं होतं. तिचा खरा रिपोर्ट निघाला तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "छान! गोळ्या चालू ठेवा."

"बोललो न्हवतो? तू बरी हायस!" फ्रँकने घाईघाईने फाईल काखेत मारली. "चल, शर्लिनला सांगू."

डॉक्टरांचं हसू मावळलं होतं. "बसा. हा पहिला रिपोर्टसुद्धा कुणाचा तरी आहेच ना?"

"तो डेमो होता, मॅडम," फ्रँक म्हणाला.

"दम कधीपासून लागतो?"

"लागतच न्हाय."

ऑड्रे हळूच म्हणाली, "मॅडम, गेले चार महिने हा गल्लीच्या प्रत्येक वळणावर थांबतोय. मला म्हणतो, ऑड्रे, तू जरा दम घे."

फ्रँकने मान खाली घातली. डॉक्टरांनी कोरा कागद पुढे ओढून त्याचं वय विचारलं.

"बासष्ट," ऑड्रेने सांगितलं, आणि त्याच्या काखेतली फाईल काढून स्वतःकडे घेतली.