कै. हिमांशू यांचं नेटवर्क

मोबाइल ओसरीत चार्जिंगला लावून हिमांशू रहांगडाले आंघोळीला गेला आणि तेवढ्या वेळात त्याचं निधन झालं.

फोन वडिलांनी उचलला. उदाराम आमगावकडची धानशेती ठेक्यानं देऊन मुलाकडे गोंदियाजवळच्या फुलचूरला राहायला आले होते. पलीकडून एक बाई गोड हिंदीत विचारत होती : हिमांशूजी आधी कुठे होते, पगार किती होता, पॅन नंबर काय. असल्याच गोड आवाजांनी चौकातल्या दोघांची बँकखाती नुकतीच रिकामी केली होती. त्यावर पानठेलेवाल्या खुशालनं उपाय काढला होता. ज्याची चौकशी होईल तो मेला म्हणून सांगायचं. मेलेल्याला ओटीपी येत नाही. सगळा चौक तसंच सांगू लागला होता.

"कोनाचा फोन होता, बाबूजी?" हिमांशूनं डोकं पुसत विचारलं.

"चोट्टी होती कोनी. सांगतलो, पोरगा मेला म्हनून. 'सॉरी' म्हनली अन् ठेवला. बाकीचे तं शिव्या देतेत. ही चांगल्या घरची दिसली."

हिमांशूनं नंबर पाहिला आणि खाटेवर बसला. फोन नीतू मॅडमचा होता. मोठ्या कंपन्यांना मोठे अधिकारी शोधून देणं हा त्यांचा व्यवसाय. रायपूरच्या तांदूळ निर्यात कंपनीत हिमांशू व्हाइस प्रेसिडेंट होता. गेल्या वर्षी 'पुनर्रचना' झाली आणि तो घरी आला. तेव्हापासून रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो नेटवर्किंगच्या साइटसमोर बसे. अनोळखी लोकांच्या बढत्यांचं अभिनंदन करी, नेतृत्वावर चार ओळी लिही, जुन्या सहकाऱ्यांना 'संपर्कात राहू' असे निरोप पाठवी. निरोप वाचले जात. उत्तर वर्षभरात एकाच व्यक्तीचं आलं होतं : नीतू मॅडमचं. नागपूरच्या एका कंपनीतलं संचालकपद जवळपास नक्की होतं. एक औपचारिक फोन तेवढा राहिला होता.

त्यानं लगेच फोन लावला. मेलेल्या माणसाचा नंबर पाहून मॅडमनी कट केला, नंतर ब्लॉक केला. पण कामाला त्या पक्क्या. उमेदवारानं संदर्भ म्हणून जुन्या मालकांचं, गजेंद्रबाबूंचं नाव दिलं होतं. त्यांना मॅडमनी दुःखद बातमी कळवली.

दुपारपर्यंत साइटवर काळ्या चौकटीतला हिमांशू झळकला. 'हिमांशू आमच्या कंपनीचा कणा होता,' गजेंद्रबाबूंनी लिहिलं होतं. 'त्याच्यासाठी आमचं दार सदैव उघडं होतं. त्याच्या कुटुंबाला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही.'

"उघडं होतं?" हिमांशूची बायको हर्षा म्हणाली. "मंग तुमचे फोन काऊन उचलत नव्हते?"

खाली प्रतिक्रियांची रांग लागली होती. ज्यांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं, ते सगळे आले होते. एकानं लिहिलं होतं, 'पुढच्याच आठवड्यात त्यांना एका जागेसाठी विचारणार होतो.' हिमांशूच्या नेतृत्वावरच्या ओळींना इतका प्रतिसाद कधी मिळाला नव्हता.

त्यानं खाली लिहिलं, 'मी जिवंत आहे. गैरसमज झाला आहे. योग्य संधीच्या शोधात आहे.'

लोक खवळले. दिवंगताचं खातं हॅक करून नोकरी मागतात! तक्रारींचा पाऊस पडला आणि संध्याकाळी खातं बंद झालं. ते उघडायला सध्याच्या कंपनीच्या ईमेलवरून ओळख पटवायची होती.

"त्यापरीस रायपूरले जा. उभा राह्य त्या मालकाच्या समोर," उदाराम म्हणाले.

"तीनदा जाऊन आलो, बाबूजी. गेटवरूनच परत पाठवतेत."

"जिता होता तेव्हा ना?"



दुसऱ्या दिवशी हर्षाचा फोन वाजला. रायपूरहून ओमेश बोलत होता. कंपनीत हिमांशूच्या हाताखाली होता, आता मनुष्यबळ विभाग पाहत होता. हर्षानं फोन स्पीकरवर टाकला.

"भाभी, काय बोलू! साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला आहे. गोंदियाच्या खरेदी ऑफिसात मॅनेजरची जागा काढली आहे तुमच्यासाठी. तुम्ही एम.कॉम. ना? सर नेहमी सांगायचे."

हर्षानं नवऱ्याकडे पाहिलं. "ओमेशभाऊ, एक आयका. हे जितेच आहेत. इथंच बसून आहेत माह्यासमोर."



"समजू शकतो, भाभी," ओमेश म्हणाला. "बाबा गेले तेव्हा आईलाही असंच वाटायचं. खुर्चीत बसून आहेत म्हणायची. कामात पडलात की बरं वाटेल. सोमवारी या. साहेब स्वतः येणार आहेत, फोटो काढायचा आहे. पगाराचं आत्ताच ठरवून टाकू का?"

हर्षानं फोनवर हात ठेवला. "आता काय सांगू, जी?"

"आन तो फोन इकडं," उदाराम उठले. "मी सांगतो, जिता आहे म्हनून."

"नका सांगू, बाबूजी."

हिमांशूनं शर्टाची कॉलर नीट केली. समोर उघडी असलेली साइट बंद केली. मग हर्षाकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला,

"पहिल्या आकड्याले हो म्हणू नको. 'विचार करून सांगते' म्हण. ते वाढवतेत."

हर्षानं फोनवरचा हात काढला.